कागदाखालचा स्क्रू

पेटी उघडायला जोर लागत नाही, सबुरी लागते, असं मालन म्हणायची. जोर करायचाच असेल तर नारळ फोडावा. टीव्हीची पाठ फोडू नये.

आता ही मालन काही शिकलेली मेकॅनिक नव्हती. धाकट्या भावाला कडेवर घ्यायला कुणी नव्हतं म्हणून तिला चौथीतूनच शाळेबाहेर काढलेलं. लग्न करून ती औरंगाबादला आली. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. गारखेड्याच्या पल्याड, नाल्याच्या काठाला पत्र्याची घरं होती, त्यातलं एक तिचं. चिकलठाण्याकडं एका शेडमध्ये टीव्ही जोडायचं काम निघालं तेव्हा शेठनं सगळ्या बायकाच घेतल्या. बायकांची बोटं बारीक आणि मजुरीही बारीक. मालनच्या वाट्याला शेवटचं टेबल आलं. आतलं सगळं पोट जोडून झालं की पेटीला पाठ लावायची आणि स्क्रू आवळायचे.

"बाळंतपणं दुसऱ्यांनी करायची," ती हसून म्हणायची, "मी आपली टोपडी बांधते."

पण टोपडी बांधता बांधता माणूस सोडायलाही शिकतो. गिऱ्हाइकाकडून बिघडून परत आलेले नग उघडायचे तेही तिच्याच टेबलावर. तिथल्या म्हाताऱ्या फोरमननं तिला धाक घालून घालून ते शिकवलं होतं. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वायर भिंतीतून उपसून हातात घ्यायची. मग लगेच हात घालायचा नाही, थांबायचं. काचेच्या नळीला लाल जाड वायर आणि रबराची टोपी असते, तिच्यात बंद पेटीतसुद्धा करंट दबा धरून बसलेला असतो. तो पेचकसाला तार बांधून आधी लोखंडी चौकटीत उतरवायचा. आणि आत हात घालायचा तर एकच, दुसरा पाठीमागं धरायचा. दोन्ही हात आत गेले की करंट एका हातातून शिरतो आणि काळजातून दुसऱ्या हातानं बाहेर पडतो.

"ही पेटी म्हंजे म्हातारी सासू," मालन वस्तीतल्या बायकांना समजावून सांगायची. "गप झाली म्हणून राग गेला असं समजायचं नाय. पोटात धरून बसलेली असती."

शेडमध्ये स्क्रू ठेवायला खणाखणांचा डबा होता. घरी तसला डबा कुठला! घरी शेणानं सारवलेली जमीन. एक स्क्रू निसटला की भेगेत गेलाच म्हणून समजा. आणि सगळे स्क्रू सारखेही नसत. वरचे लांब, बाजूचे आखूड, खालचे जाड. लांब स्क्रू आखुडाच्या जागी पिळला तर पाठ तडकते. मग मालननं आपलीच युक्ती काढली. परातीत ज्वारीचं पीठ भिजवायचं, पेटीच्या पाठीएवढी चौकोनी भाकर थापायची आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथंच तो पिठात रोवायचा. तोही डोकं खाली, पाय वर. आट्यांना पीठ लागू नये म्हणून ही शीर्षासनं. काम झालं की बांगडीला अडकवलेली टाचणी काढायची, एकेका स्क्रूच्या खाचेतलं पीठ टोकरायचं, पुसायचं आणि मग लावायचा. उरलेलं पीठ जायचं समोरच्या बानाबाईच्या बकरीला, तेही स्क्रू मोजूनच. बकरीच्या पोटात टीव्ही नको.

एक स्क्रू मात्र फसवा होता. पाठीच्या मधोमध कंपनीच्या नावाचा कागद चिकटवलेला असतो, त्याच्याखाली तो लपलेला. ज्याला माहीत नाही तो बाकीचे सगळे काढतो आणि पाठ निघत नाही म्हणून पेचकस घालून उचकटतो. इथंच पेटी मोडते. मालन आधी कागदावरून अंगठा फिरवायची. जिथं अंगठा दबेल तिथं स्क्रू.

हे सगळं करताना बॅटरीचा उजेड धरायला तिला एकच माणूस चालायचा. तिचा नवरा, कडुबा.

कडुबा वाळूजला जायचा. तिथं एवढाले कारखाने उभे राहिले होते की पाळीची बस सुटायच्या आधी चौकात माणसांची जत्रा भरायची. पण कडुबा कारखान्याचा नव्हता, ठेकेदाराचा होता. गणवेश तोच, मशीन तीच, घाम तोच, फक्त गेटवरचं कार्ड वेगळ्या रंगाचं. पक्क्या कामगारांना कँटीनचं जेवण, कडुबाला बायकोचा डबा. ठेकेदार नानासाहेब दरसाल म्हणायचा, "औंदा तुझं करून टाकू." औंदाचं पुढच्या साली व्हायचं आणि पुढच्या सालीही औंदाच निघायचं.

माणूस मात्र दिलदार. पाळीवरून आला की आडवा व्हायच्या आधी विचारायचा, "काही उघडायचंय का आज?" मग बॅटरी घेऊन बसायचा. मालनची नजर जाईल तिकडं उजेड न्यायचा. वस्तीतले पुरुष चिडवायचे तर छाती काढून म्हणायचा, "बायकोच्या हाताखाली काम करणारा सगळ्या गारखेड्यात मी एकटाच. तुम्हाला कोणी ठेवील का?"

वस्तीचा टीव्हीसुद्धा मालनच्याच हातचा. शेडमधून खोका तडकलेला एक नग बाजूला काढला होता, तो सगळ्यांनी मिळून घेतला आणि मालननं धड केला. मालनच्या दारात लाकडी खोक्यावर तो अंगणाकडं तोंड करून बसायचा आणि संध्याकाळी वस्ती त्याच्याकडं तोंड करून.

पहिल्या ओळीत, पोत्यावर, मनकर्णाबाई. वस्ती तिला मनकर्णामाय म्हणायची. इथल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला त्या साली खेड्यांत आगी लागल्या, त्यात तिचं घर गेलं. ज्यांच्या रानात तिनं जन्मभर खुरपलं त्याच घरातल्या पोरांनी छपराला काडी लावली. अंगावरच्या लुगड्यानिशी ती शहरात आली. त्यानंतर मोर्चे झाले, लाठ्या झाल्या, माणसं तुरुंगात गेली, काही परत आलीच नाहीत. नाव काही मिळालं नाही. मधे दोनदा कुणीतरी बोंब ठोकली की झालं, झालं! दोन्ही वेळा मनकर्णामायनं साखर वाटली आणि दोन्ही वेळा खबर खोटी निघाली.

तेव्हापासून ती म्हणायची, "आता मला कुणाच्या तोंडची खबर नको. पेटीतला माणूस माझ्याकडं बघून सांगंल, तवाच मानीन."

त्या वर्षी संक्रांतीला हवा वेगळीच होती. आज काहीतरी निकाल लागणार असं सकाळपासून ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या. शेडच्या शेठनं बायकांना उन्हं असतानाच घरी लावून दिलं. मालन भराभरा चालत वस्तीत आली तर अंगण आधीच भरलेलं. पण एवढी माणसं असून आवाज नाही. टीव्ही खोक्यावर होता, काळाठिक्कर.

"काय झालं माय?" मालननं विचारलं.

"पेटी मेली," मनकर्णामाय म्हणाली. "नेमकी आजच मेली. माझं नशीब बघ कसं टायमावर येतं."

कडुबा खाटेवर बसला होता. त्याची रातपाळी चालू होती, दिवसा तो घरीच असायचा. "सकाळी चालू होता," तो म्हणाला. "दुपारी उठून लावला तर ठप्प."

वस्तीतला पुंडलिक पुढं झाला. तरणा गडी, मोर्चात पुढं असायचा, मनानं सरळ पण डोकं तापलं की तव्यावर पाणी टाकावं तसा. "मेली कशी आपोआप? दिवसभरात घरात कोण आलं होतं, कडुबादा?"

कडुबा म्हणाला, "कोण येणार... मी तर झोपलो होतो. बिरू येऊन गेला म्हणं. तीळगूळ द्यायला."

बिरू म्हणजे समोरच्या बानाबाईचा नवरा. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला माणूस, आता चार बकऱ्या आणि रोजानं मिळेल ते काम. परवाच चहाच्या टपरीवर तो बोलून गेला होता, "नावानं काय भाकर मिळती व्हय?" बोलला होता साध्या मनानं, पण असलं बोलणं कुणी विसरत नाही.

"म्हणजे बिरूच!" पुंडलिक म्हणाला. "त्याला खुपत होतंच."

समोरच्या दारात बानाबाई वाटीत तीळगूळ घेऊन उभी होती. कुणाला द्यावा कळेना झालेलं. ती तिथूनच ओरडली, "माझ्या घरच्यानं? अरे मुडद्यांनो, त्याला त्या पेटीचं तोंड कोणतं अन् पाठ कोणती ते कळंना! तो काय बिघडवतो!"

"बिघडवायला कळावं लागतं व्हय?"

"मग तू इतका कसा बिघडला?" बानाबाई म्हणाली. दोनचार बायका हसल्या, पण ते हसू लगेच विरलं.

मालननं बानाबाईकडं पाहिलं. मालनचं पोर आजारी पडलं तेव्हा हीच बाई वाटीभर दूध आणून ओतायची, स्वतःच्या चहाला सुद्धा ठेवायची नाही. पण मनकर्णामायच्या गावीही लोक आदल्या दिवसापर्यंत चांगलेच होते की. शंका ही उवेसारखी, एका डोक्यातून दुसऱ्यात कधी जाते समजत नाही. क्षणभर मालनच्याही डोक्यात ती चालली. बानाबाईनं ती नजर बरोबर ओळखली आणि वाटी पदराखाली घेतली.

"मी उघडून बघते," मालन म्हणाली.

कडुबा खाटेवरून उठला. "आज नको, मालन. दमून आलीस. घाईनं हात भाजंल. उद्या निवांत बघू."

"उद्या?" मालन त्याच्याकडं बघतच राहिली. काही उघडायचंय का, असं रोज विचारणारा हा माणूस! "एवढी वर्षं मनकर्णामाय थांबली, ती काय उद्यासाठी? बातम्या लागायला वेळ हाय अजून. बॅटरी आणा."

तिनं भिंतीतून वायर उपसली आणि गुंडाळून आपल्या मांडीखाली घेतली, म्हणजे गर्दीतला कुणी शहाणा मधेच लावायला नको. परातीत पीठ भिजवून चौकोनी भाकर थापली. तेवढ्यात थांबायचा वेळही भरला. पेटी फिरवून पाठ दाराकडं केली. वस्ती दारात दाटीवाटीनं उभी राहिली. मनकर्णामायला कुणीतरी पोत्यासकट आत आणून बसवलं.

वरचे स्क्रू निघाले. मालननं ते पिठात रोवले. बाजूचे निघाले, खालचे निघाले. सगळे जिथले तिथं होते, लांब लांबाच्या जागी, आखूड आखुडाच्या. तिला मनातल्या मनात बरं वाटलं. म्हणजे कुणी उघडलेली नाही, नुसताच बिघाड आहे. बिरूसारख्या अडाण्यानं हात घातला असता तर एखादा तरी इकडचा तिकडं गेला असता.

मग तिनं कागदावरून अंगठा फिरवला. कागदाची कड जरा सुटली होती. ती उचलून तिनं पेचकस आतल्या स्क्रूवर टेकवला, तर तो खाचेत बसेचना. घसरायला लागला. खाचेत काहीतरी ठासून भरलं होतं.

तिनं बांगडीची टाचणी काढली आणि टोकरलं. टाचणीच्या टोकावर एक कण आला.

तिचं स्वतःचं पीठ कच्चं असायचं. वाळलं की चुन्यासारखं पांढरं होऊन भुगा पडायचा. हा कण तसला नव्हता. हा भाजलेल्या भाकरीचा होता, तांबूस, पाण्यात भिजवून मऊ केलेल्या भाकरीचा. आणि त्यात काळे ठिपके होते, तेलकट. मालननं तो नाकाजवळ नेला.

कारळाची चटणी.

घरातले शेंगदाणे संपले म्हणून काल दिवस मावळताना तिनं कारळं भाजून कुटली होती. लसूण जरा जास्तच पडला होता. दोन भाकरी आणि ती चटणी तिनं स्वतःच्या हातानं डब्यात भरली होती, रातपाळीच्या.

पेचकस दाबून तिनं तो स्क्रू काढला आणि पिठात मधोमध रोवला. पाठीच्या खिट्या बोटानं दाबल्या, पाठ सरळ मागं ओढली, वाकडी केली नाही, कारण आतली वायर तोकडी असते. लाल वायरीच्या टोपीखाली तार बांधलेला पेचकस घालून करंट उतरवला. एक हात पाठीमागं घेतला. मग आत वाकून बघणार एवढ्यात बॅटरीचा उजेड आपणहून डाव्या कोपऱ्यात, खाली, पार चौकटीच्या मागं गेला.

रोज तिची नजर पुढं आणि उजेड मागं असायचा. आज उजेड पुढं गेला होता. कुठं बघायचं ते त्याला आधीच माहीत होतं.

त्या कोपऱ्यात विजेची आत येणारी वायर होती. ती कापलेली होती. आणि कापलेल्या दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली होती, नीट, दोन पदरी, वरून चिमटीत दाबून. टेपही वाळूजचीच, त्यानं घरी आणून ठेवलेल्या रिळातली. चुकून कुणी भिंतीत वायर लावली आणि मालनचा हात आत असला, तरी तिला धक्का बसू नये म्हणून.

मालन त्या टेपेकडं बघत राहिली. दगा करतानाही त्याला तिच्या हाताची काळजी होती. हे बघून राग निम्मा व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. वायर उपसली असेल त्यानं, थांबला असेल, एक हात पाठीमागं धरला असेल. घरच्या पिठाला हात लावला तर तिला कळेल म्हणून भाकर भिजवून चौकोनी थापली असेल, स्क्रू शीर्षासनात रोवले असतील, खाचा टोकरल्या असतील. वर्षानुवर्षं बसून तिनं दाखवलं ते सगळं त्यानं कसं मन लावून केलं होतं! फक्त कागदाखालच्या स्क्रूची खाच तेवढी राहून गेली.

"सापडलं का काही?" दारातून पुंडलिकनं विचारलं.

"बघतीय."

मग मान वर न करता, कडुबालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "रातच्याला जेवलात का?"

"व्हय."

"सगळी भाकर खाल्ली?"

बॅटरी जरा खाली आली. "अर्धी उरली होती."

"तीच?"

कडुबानं मान डोलावली. दारातली माणसं आपसात बोलत होती, कुणाचं इकडं लक्ष नव्हतं.

"कुणासाठी?" मालननं विचारलं.

"नानासाहेब म्हणला..." तो दाराकडं बघून कुजबुजला. "म्हणला, तुझ्या दारात मेळा भरतो. आज खबर आली की तुझी वस्ती उद्या कामावर येणार नाय, समद्या पाळ्या पडतील. आजचा दिवस माणूस जमू देऊ नको. तुझं नाव पक्क्यात घालतो. पक्कं, मालन. लिहून देतो म्हणला. तुलाबी शेड सोडता आली असती."

"मला विचारलं होतं का, शेड सोडायची का म्हणून?"

"तू नाय म्हणली असती."

"अन् बिरूभाऊ?"

"ते... तोंडातून निघून गेलं."

मालननं टेप सोलली. वायरीची टोकं दातानं खरवडली, तांबं उघडं पाडलं, एकमेकांत पीळ घातला. टेप तीच परत गुंडाळली. वाया कशाला घालवायची! पाठ लावत बसायला वेळ नव्हता. तिनं सगळ्यांना मागं सरकवलं, पोरांना बाहेर काढलं, मनकर्णामायला पोत्यासकट परत अंगणात बसवलं, पेटी अंगणाकडं फिरवली आणि तिच्या पाठीमागं कुणी जाऊ नये म्हणून खाट आडवी लावली.

"लावते," ती म्हणाली. "कुणी शिवू नका."

आधी नुसता घूं आवाज आला. मग पडद्यावर मुंग्या आल्या, मग माणूस. बातम्या सुरू झालेल्याच होत्या.

आणि त्यानं सांगितलं. विद्यापीठाचं नाव. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.

अंगणातून असा आवाज उठला की पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. मनकर्णामाय मात्र ओरडली नाही. ती पोत्यावरून उठली, पदर नीट केला, टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली आणि त्या बातम्या देणाऱ्याला म्हणाली, "पुन्हा म्हण रे लेकरा."

तो दुसरंच काही सांगत होता. ती थांबून राहिली. शेवटी ठळक बातम्या आल्या आणि त्यानं खरंच पुन्हा म्हटलं. तेव्हा ती तिथंच खाली बसली.

"मराठवाडा तसंच ठेवलं की," पुंडलिक कुरकुरला. "मागितलं नामांतर, दिला नामविस्तार. अर्धंच दिलं."

"गप रे," मनकर्णामाय डोळे पुसत म्हणाली. "अर्धी भाकर फेकायची नसती."

मालननं मान फिरवली.

कुणीतरी हलगी आणली. नीळ उधळली गेली. आणि आनंदात माणसाला जुने हिशोबही आठवतात. पुंडलिकच्या भोवती चारपाच जण जमले. "पेटी बंद पाडून आपल्याला अडवायला निघाला होता व्हय! चला, बिरूला विचारून येऊ. येईल आता बकऱ्या घेऊन." एकानं कुडाची काठी उपसली. समोर बानाबाई आपलं दार अडवून उभी राहिली. ती आता ओरडत नव्हती.

मालननं कडुबाकडं पाहिलं. त्यानं बोलावं म्हणून ती थांबली. पेटी उघडायच्या आधी थांबते ना, तशी. कडुबा बॅटरीकडं बघत होता.

मग ती उंबऱ्यावर आली.

"थांबा," ती म्हणाली. "बिरूभाऊचं नाव कुणी घेऊ नका. तार कडुबानं कापली."

हलगी थांबली. पुरुषांना आधी तारेचं कळलं. बायकांना आधी दुसरंच कळलं. मालन लग्न होऊन या वस्तीत आली तेव्हापासून नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. 'हे' आणि 'घरचे' यावरच तिचा संसार चालला होता. रेशनच्या दुकानात नाव सांगायची वेळ आली तर ती शेजारणीला पुढं करायची.

मनकर्णामायला तर खरंच उमगलं नाही. "कुठला कडुबा गं?"

"माझाच," मालन म्हणाली.

कडुबा आत उभा होता. हातातली बॅटरी तशीच चालू, उजेड जमिनीवर पडलेला. पुंडलिकला शिव्या खूप येत होत्या, पण 'कडुबादा' म्हणायच्या जिभेला त्यातली एकही सापडेना. काठीवाल्यानं काठी कुडात परत खोचली.

"काहून?" एवढंच मनकर्णामाय म्हणाली. कडुबाला म्हणाली.

"पक्कं करणार होते मला," कडुबा म्हणाला.

मनकर्णामायनं मान हलवली, जणू असली उत्तरं तिनं आधीही ऐकली होती. मग ती हळूहळू आपल्या घराकडं चालायला लागली. जाताना टीव्हीकडं एकदा वळून बघितलं, कडुबाकडं नाही.

बानाबाई अंगण ओलांडून आली. पदराखालची वाटी काढली आणि मालनच्या हातावर तीळगूळ ठेवला. "घे," ती म्हणाली. "गोड बोल म्हणायचं असतं आज. पण तू बोललीस ते बी ठीकच." मग म्हणाली, "तूही बघितलं होतंस माझ्याकडं तसं."

"बघितलं होतं," मालन म्हणाली.

"हं," बानाबाई म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिनं परातीतलं पीठ मात्र मागून नेलं, बकरीसाठी. तेवढ्यावरून मालनला समजलं की ते दार बंद झालेलं नाही.

बिरू बकऱ्या घेऊन आला तेव्हा अंगणात नीळ सांडलेली आणि माणसं पांगलेली. त्यानं विचारलं, "काय झालं रे? लई शांत हाय." कुणीतरी सांगितलं, "नाव झालं." "बरं झालं," बिरू म्हणाला, आणि बकऱ्या बांधायला गेला.

पुढं कडुबाला पक्कं काही केलं नाही. नानासाहेब म्हणाला, "तुझ्याच दारात हलगी वाजली की रे." औंदा म्हणून जे होतं तेही बंद झालं. कडुबानं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मालनला आनंद झाला नाही. वाईट वाटावं म्हणून तिनं स्वतःच्या मनात थोडं शोधून पाहिलं, तेही सापडलं नाही. तिनं त्याला ताट वाढलं.

संसार चालला. त्याचा डबा ती रोज भरायची. कारळाची चटणी मात्र त्या घरात पुन्हा झाली नाही. त्यानं कधी मागितली नाही, तिनं कुटली नाही. लोकांसमोर ती पुन्हा 'हे' म्हणायला लागली, पण आता ते म्हणताना मधे अंमळ अडखळायची, आणि कडुबा ते अडखळणं ऐकायचा.

वस्तीतले रेडिओ, टीव्ही तिच्याकडं येतच राहिले. ती पीठ थापायची, वायर मांडीखाली घ्यायची. कडुबा पाळीवरून येऊन खाटेवर बसायचा. एका संध्याकाळी ती कुणाचातरी टीव्ही उघडून बसली होती. कागदावरून अंगठा फिरवत होती. तेव्हा त्यानं खूप दिवसांनी विचारलं,

"बॅटरी धरू का?"

"नको," मालन म्हणाली. "दिसतंय मला."

वस्तीतली लाईट गेलेली होती.